रेणूची वाट : बर्फावरून, बर्फातून की हवेतून?

बर्फाच्या पातळ थरावरून आणि थरातून पाण्याचा रेणू कसा फिरतो, असा आजचा विषय आहे. विषय भौतिकशास्त्राचा वाटतो, पण मी तो इतिहास म्हणून सांगणार आहे. सूत्रं पुस्तकात मिळतात. ती कुठल्या भांडणातून निघाली ते सहसा मिळत नाही, आणि या विषयातली भांडणं फार रंगतदार आहेत.

सुरुवात आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. बर्फाचा गोळा करणारा काय करतो? बर्फ किसतो, तो कीस मुठीत दाबतो, मधे काडी खुपसतो, आणि काही सेकंदांत त्या भुग्याचा एकसंध गोळा होतो. त्यात डिंक नसतो. गोळ्याच्या बाबतीत तुम्ही म्हणाल, दाब दिला म्हणून चिकटलं. बरं, मग दुसरी गोष्ट घ्या. फ्रीजरमधले बर्फाचे सुटे खडे एका भांड्यात भरून परत फ्रीजरमध्येच ठेवा. कुणी दाबलं नाही, काही वितळलं नाही, तरी आठ-दहा दिवसांनी ते एकमेकांना धरून बसलेले असतात. जिथे दोन खडे नुसते टेकले होते तिथे बर्फाची एक जाडसर मान तयार झालेली असते. ती मान बांधायला पाण्याचे रेणू कुठून तरी आले. प्रश्न एवढाच, की आले कुठल्या वाटेने?

वाटा तीन आहेत. एक, बर्फाच्या पृष्ठभागावरून सरपटत. दोन, बर्फाच्या अंगातून, म्हणजे घन स्फटिकाच्या आतून. तीन, बर्फ सोडून हवेत वाफ होऊन उडायचं आणि दुसरीकडे जाऊन बसायचं. रेणूच्या अशा आपोआप पसरण्याला आपण विसरण म्हणतो. गेली पावणेदोनशे वर्षं लोक हे विसरण मोजताहेत, आणि या इतिहासात मला सगळ्यात लक्षवेधी वाटते ती एक गोष्ट: पुन्हा पुन्हा असं झालं, की मोजली एक वाट आणि नाव दिलं दुसऱ्या वाटेचं. मोजमाप चोख होतं, आकडे बरोबर होते. फक्त रेणू भलत्याच रस्त्याने गेला होता. हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहिला असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पृथ्वीच्या हवामानाची जी जुनी वही आपण ध्रुवीय बर्फात वाचतो, तिची शाई किती फुटली आहे हे यावर ठरतं. तिकडे शेवटी येऊ.

आता १८५०. जून महिन्याची ७ तारीख, शुक्रवार, लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन. मायकेल फॅरेडे यांचं संध्याकाळचं व्याख्यान. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते, विजेवरच्या कामामुळे जगप्रसिद्ध होते, आणि त्या दिवशी विषय काय घेतला, तर गोठणारं पाणी. वितळायला लागलेल्या बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की ते चिकटतात. फॅरेडेंचं म्हणणं असं, की बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा एक अतिपातळ पापुद्रा असतो. त्याला एका बाजूने बर्फ आणि दुसऱ्या बाजूने हवा असेल तोवर तो पाणी म्हणून टिकतो. दोन्ही बाजूंनी बर्फ आला की त्याला पाणी राहता येत नाही, तो गोठतो, आणि तुकडे सांधले जातात. ओल्या हिमाचे गोळे वळता येतात आणि अतिथंड कोरड्या हिमाचे वळता येत नाहीत, याचंही कारण त्यांनी हेच दिलं.

(त्या काळात आपल्या मुंबईतही बर्फ येत होता, थेट अमेरिकेतल्या बोस्टनहून, जहाजाने, लाकडाच्या भुशात बांधून. भुसा उष्णता अडवतो हे सगळे सांगतात. लाद्यांच्या मधे भुसा असला की त्या एकमेकींना चिकटत नाहीत, हा त्याचा दुसरा गुण मात्र कुणी सांगत नाही.)

फॅरेडेंच्या विरोधात उभे राहिले जेम्स थॉमसन. विल्यम थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, त्यांचे हे थोरले भाऊ. जेम्सनी १८४९ मध्ये गणिताने दाखवलं होतं, की दाब वाढवला तर बर्फाचा वितळणबिंदू खाली जातो, आणि धाकट्या भावाने दुसऱ्याच वर्षी ते प्रयोगाने सिद्ध केलं होतं. मग जेम्स म्हणाले, पापुद्रा वगैरे कशाला हवा? दोन तुकडे टेकतात तिथे दाब येतो, बर्फ वितळतो, पाणी बाजूला सरकतं, दाब कमी झाला की पुन्हा गोठतं. झालं चिकटणं. त्यावर फॅरेडेंनी, वय झालेलं असतानाही, पाण्याखाली बर्फाचे तुकडे अगदी हलके टेकवून, जवळजवळ दाब नसताना ते चिकटतात हे दाखवलं. तरी फरक पडला नाही. थॉमसनांकडे सूत्र होतं आणि फॅरेडेंकडे नुसतं निरीक्षण. शिवाय ग्लेशियर कसं वाहतं या वादात जॉन टिंडल यांनी हा विषय ओढला, पुनर्हिमायनाला 'रेजेलेशन' हा शब्द रूढ झाला, आणि १८७२ मध्ये बॉटम्ली यांनी तो सुंदर प्रयोग केला जो अजून शाळेत दाखवतात: बर्फाच्या लादीवरून वजनं लावलेली तार टाकायची, तार लादीतून आरपार जाते आणि लादी अखंडच राहते. इतका देखणा प्रयोग थॉमसनांच्या बाजूने असल्यावर फॅरेडेंचं कोण ऐकणार?

आता हिशोब करा. एका वातावरणाच्या दाबाने वितळणबिंदू किती उतरतो? शून्य पूर्णांक शून्य शून्य सात अंश, एवढाच. जॉन जोली यांनी १८८६ मध्ये स्केटच्या धारेखालचा दाब काढला, ४६६ वातावरणं आला. त्यातून साडेतीन अंशांचा उतार मिळतो. म्हणजे उणे साडेतीनपर्यंत ठीक. पण लोक उणे वीसला स्केटिंग करतात. आणि फ्रीजरमधले खडे तर उणे अठराला, नुसत्या स्वतःच्या वजनाने टेकलेले असतात. वितळत्या बर्फाच्या बाबतीत थॉमसन बरोबरच होते, तार त्यांच्याच नियमाने जाते. पण फॅरेडेंनी विचारलेला प्रश्न त्याने सुटत नव्हता, आणि तो जवळजवळ शंभर वर्षं बाजूला पडून राहिला. विज्ञानात सूत्र असलेला माणूस सूत्र नसलेल्याला कसा गप्प करतो, याचं हे उत्तम उदाहरण आहे असं माझं मत आहे.

प्रश्न पुन्हा वर आला तो जपानात. उकिचिरो नाकाया यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. होक्काइदो विद्यापीठात १९३६ मध्ये सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवणारे ते हेच. पन्नासच्या दशकात त्यांनी आणि मात्सुमोतो यांनी अगदी साधा प्रयोग केला. बर्फाच्या दोन बारीक गोळ्या दोऱ्यांना टांगायच्या, हळूच टेकवायच्या, मग एक दोरा बाजूला ओढायचा. त्यांना दिसलं, की सुटण्याआधी गोळ्या कधी कधी एकमेकींवर गोल फिरतात. घट्ट गोठलेला सांधा असा फिरत नाही, मोडतो. म्हणजे मधे काहीतरी पातळ, सरकतं असलं पाहिजे. फॅरेडेंचा पापुद्रा परत आला.

आणि इथे कथेत एक कुंभार येतो. कुंभार म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटीचे डब्ल्यू. डी. किंगरी, आधुनिक सिरॅमिक्सचे जनक. भट्टीत मातीचे, ऑक्साइडचे कण न वितळता एकमेकांना कसे सांधले जातात, हा त्यांचा विषय. त्याला सिंटरिंग म्हणतात. कणांच्या त्या सांध्याचं गणित १९४९ मध्ये कुचिन्स्की यांनी मांडलं होतं. ते थोडं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दोन गोल टेकले. गोलाच्या बाहेरच्या, फुगीर भागावर बसलेल्या रेणूला शेजारी कमी असतात, म्हणून तो जरा अस्वस्थ असतो. दोन गोलांच्या मधल्या खोबणीत मात्र शेजाऱ्यांची गर्दी असते, तिथे बसलेला रेणू सुखी. त्यामुळे रेणू फुगीर भागाकडून खोबणीकडे जात राहतात आणि मान जाड होते. किती वेगाने जाड होते, हे वाटेवर अवलंबून असतं. मानेच्या रुंदीचा सातवा घात जर वेळेच्या प्रमाणात वाढत असेल तर रेणू पृष्ठभागावरून आले. पाचवा घात वाढत असेल तर अंगातून. तिसरा असेल तर वाफेतून. म्हणजे रेणू न बघता, नुसती मान मोजून वाट ओळखायची. कल्पना किती छान आहे!

किंगरींनी बर्फाच्या गोळ्या घेतल्या, माना मोजल्या, आणि १९६० मध्ये जाहीर केलं: सातवा घात. रेणू पृष्ठभागावरून जातात, आणि तेही भलत्याच वेगाने. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच पुनर्हिमायन, पृष्ठविसरण आणि सिंटरिंग हे तीन शब्द एकत्र आहेत. फॅरेडे ते भट्टी, एका ओळीत.

पण चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून हॉब्ज आणि मेसन यांनी उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा माना मोजल्या आणि त्यांना घात आला पाच. आता कुचिन्स्कींच्या यादीप्रमाणे पाच म्हणजे अंगातून. पण त्यांनी घाई केली नाही. ते म्हणाले, थांबा, ही यादी भट्टीसाठी केलेली आहे. आपल्या गोळ्यांभोवती हवा आहे. वाफ झालेल्या रेणूला त्या हवेतून वाट काढत जावं लागतं, धक्के खात. हे धक्के हिशोबात धरले तर वाफेच्या वाटेलाही तीनच्या ऐवजी पाचच घात येतो! मग हे पाच कुठले, अंगातले की हवेतले? त्यांनी आकड्यांनी वेगाचा अंदाज काढला, तो हवेच्या वाटेशी जुळला. आणि गोळ्या तेलात बुडवल्या, म्हणजे हवेचा रस्ताच बंद केला, तर मान वाढणं अतिशय मंदावलं. जपानात कुरोइवा यांनीही केरोसीनमध्ये बुडवून असे प्रयोग केले होते. थोडक्यात, किंगरींनी ज्याला सरपटणं म्हटलं ते बहुतांशी उडणं होतं.

तुमच्या फ्रीजरमधल्या खड्यांचं उत्तर हे आहे. ते मुख्यतः हवेतून सांधले जातात. पण यावरून पृष्ठभागावर हालचालच नाही असं समजू नका. याच मेसन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६३ मध्ये बर्फाचे पातळ स्फटिक कोव्हेलाइट नावाच्या खनिजावर वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्फटिकावर पायऱ्या दिसतात आणि त्या पुढे सरकतात. दोन पायऱ्या फार जवळ आल्या की त्यांचा वेग पडतो, जणू दोन शेजाऱ्यांचं एकाच विहिरीवरून पाणी भरणं. म्हणजे पायरीला रेणू आजूबाजूच्या पृष्ठभागावरून येऊन मिळतात, आणि ते किती लांबून येतात हे वेग पडतो त्या अंतरावरून काढता येतं. उत्तर आलं काही मायक्रोमीटर. रेणूच्या मानाने हा प्रवास हजारो घरांचा आहे. शिवाय तापमान बदललं की हे अंतर चमत्कारिकपणे वरखाली होतं, आणि हिमस्फटिक कधी पातळ चकती तर कधी लांब सुई का होतो, याची एक किल्ली त्यांना यात दिसली.

राहिली अंगातली वाट. तिथे घात मोजण्यापेक्षा सरळ रेणूवर खूण करणं बरं. साध्या हायड्रोजनच्या जागी किरणोत्सारी ट्रिटियम घातलेलं पाणी बर्फाच्या एका टोकाला लावायचं, ठरावीक काळाने बर्फाचे काप काढायचे, आणि खूण किती खोल गेली ते बघायचं. साठच्या दशकात म्युनिकमध्ये रील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि १९६७ मध्ये रॅमसायर यांनी हे एकसंध स्फटिकात चोख मोजलं. उणे १० अंशांना आलेला आकडा मी रोजच्या भाषेत सांगतो: अशा बर्फात एक रेणू वर्षभरात साधारण एक तृतीयांश मिलिमीटर सरकतो. हजार वर्षांत एक सेंटिमीटर. पाण्यापेक्षा लाखो पटींनी मंद. पण म्हणून रेणू स्वस्थ बसलेला नसतो हं. ढोबळ हिशोबाने तो सेकंदाला लाखभर उड्या मारतो. दिशा धरून मारत नाही, म्हणून कुठे पोचत नाही.

यात एक सुंदर खाचखोच होती. पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. हायड्रोजन सुटा होऊन हातोहात पुढे जात असेल तर? म्हणून जड ऑक्सिजनची खूण लावूनही मोजलं. दोघांचा वेग सारखाच निघाला. म्हणजे रेणू मोडत नाही, अख्खा चालतो. आणि तो रिकाम्या खुर्चीत सरकत जातो की खुर्च्यांच्या मधल्या बोळातून घुसतो? १९८६ मध्ये गोतो, होंदोह आणि हिगाशी यांनी क्ष-किरणांनी उत्तर दिलं: मुख्यतः बोळातून. बर्फाची जाळी पोकळ असते, मधे जागा असते, आणि जास्तीचा रेणू तिथून वाट काढतो.

इथपर्यंत सगळं उबदार बर्फाचं झालं. उबदार म्हणजे उणे दोन ते उणे चाळीस. त्याहून खूप थंडीत काय होतं? धूमकेतू, शनीचे चंद्र, आंतरतारकीय धूळ, तिथे बर्फ उणे शंभर आणि त्याखालीच असतो. तिथे विसरण इतकं मंद की काप काढून मोजायला एक जन्म पुरणार नाही. मग उपाय? थर पातळ करा. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. उणे दहालाच एक मिलिमीटर पार करायला दहा वर्षं लागतात. तेच शंभर नॅनोमीटर, म्हणजे रेणूंचे सुमारे पावणेतीनशे थर, तीन-साडेतीन सेकंदांत होतात. म्हणून पातळ पापुद्रे. निर्वात पात्रात अतिथंड धातूची चकती ठेवायची आणि वाफ सोडून रेणूंचे थर मोजून मोजून चढवायचे.

थंड पृष्ठभागावर वाफ बसवली तर स्फटिक न होता काचेसारखा अस्ताव्यस्त बर्फ होतो, हे टोरांटोच्या बर्टन आणि ऑलिव्हर यांनी १९३५ मध्येच दाखवलं होतं. त्याला आपण अस्फटिकी बर्फ म्हणू. पण पापुद्र्याला एक मर्यादा असते. तापवला तर रेणू फिरतो, आणि जास्त तापवला तर पापुद्राच उडून जातो. १६० केल्विनला, म्हणजे उणे ११३ अंशांना, निर्वातात काही सेकंदांत एक थर उडतो. त्यामुळे मोजायची खिडकी फार अरुंद. त्या अरुंद खिडकीतून लोकांनी काय काय पाहिलं ते बघा.

ब्राऊन आणि जॉर्ज या अमेरिकन संशोधकांनी १९९६ मध्ये रुथेनियम धातूवर स्फटिकी बर्फाचे थर वाढवले. वर जड ऑक्सिजनचे रेणू शिंपडले. साध्या पाण्याचं वजन १८, याचं २०, त्यामुळे वजन करणारं यंत्र ते ओळखतं. मग लेसरचा एक ठोका. त्या ठिकाणचे रेणू उडाले, खळगा पडला. थोडं थांबायचं आणि पुन्हा तिथेच ठोका. आजूबाजूचे रेणू सरपटत येऊन खळगा भरला असेल तर ते मोजले जातील. खळगा भरलेला दिसलाच नाही! त्यांच्या पट्टीवर पकडण्याइतकी पृष्ठभागावरची हालचाल नव्हती. उलट वर शिंपडलेले रेणू थराच्या आत उतरत होते. पृष्ठभाग म्हणजे हमरस्ता अशी सगळ्यांची समजूत, आणि इथे रेणू गल्लीत शिरलेला.

मग १९९९. पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेतले स्मिथ आणि के. त्यांनी अस्फटिकी बर्फाचे दोन थर एकावर एक दिले, एक साध्या ऑक्सिजनचा, एक जड. १५० केल्विनच्या आसपास तापवल्यावर दोन्ही थर एकमेकांत झपाट्याने मिसळले, स्फटिकी बर्फात मिसळतील त्यापेक्षा कैक पटींनी वेगाने. निष्कर्ष: या थंडीत पाणी द्रव असतं! उणे सव्वाशेच्या आसपास द्रव पाणी. 'नेचर'मध्ये छापून आलं. गोठल्याशिवाय पाणी किती थंड राहू शकतं हा फार जुना वाद, आणि त्यात हा मोठा पुरावा.

त्यावर २००६ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमधून म्युलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं उत्तर आलं. त्यांचं म्हणणं, पापुद्रा तापला की तो स्फटिक व्हायला लागतो, आणि होताना त्याला चिरा पडतात. रेणू त्या चिरांमधून वरखाली जातात. मिसळणं खरं आहे, पण ते द्रवाचं वाहणं नव्हे. गंमत अशी, की या चिरांचा पहिला ठळक पुरावा १९९७ मध्ये स्मिथ आणि के यांच्याच प्रयोगशाळेने दिला होता. त्यांनी पापुद्र्याखाली कार्बन टेट्राक्लोराइड कोंडलं होतं, आणि बर्फ स्फटिक होताच ते चिरांमधून एकदम उसळून बाहेर आलं. या प्रकाराला त्यांनी 'रेणूंचा ज्वालामुखी' असं नाव दिलं होतं. किंगरी आणि मेसन यांचंच भांडण, चाळीस वर्षांनी, नॅनोमीटरच्या मापावर. अंगातून गेलेला वाटलेला रेणू फटीतून गेला.

पण के यांचा गट हरून बसला नाही, हे मला आवडतं. त्यांनी पद्धतच बदलली. पापुद्रा हळू तापवला की चिरा, उडणं, सगळे घोळ. मग नॅनोसेकंदाच्या लेसर ठोक्यांनी तापवा, इतक्या झटकन की घोळ व्हायला वेळच मिळू नये, आणि स्फटिक किती वाढला त्यावरून रेणूंची चाल काढा. २०१६ मध्ये त्यांनी अशा मार्गाने १२६ ते २६२ केल्विन एवढा मोठा पट्टा एका सलग वक्रात बसवला.

पृष्ठभागावरचा प्रवास डोळ्यांनी बघणं हे सगळ्यात अवघड काम मात्र दुसऱ्यांनी केलं. सँडिया प्रयोगशाळेत नी, बार्टेल्ट आणि थ्युर्मर यांनी २००९ मध्ये प्लॅटिनमवर काही नॅनोमीटर जाडीचा बर्फ वाढवून तो टनेलिंग सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. बर्फ विजेचा वाहक नाही आणि या सूक्ष्मदर्शकाला तर विजेचा प्रवाह लागतो, पण पापुद्रा पुरेसा पातळ असेल तर अतिसूक्ष्म प्रवाहावरही चित्र मिळतं. ११५ ते १३५ केल्विनला पृष्ठभागावरची छोटी बेटं विरताना आणि मोठी होताना दिसली. इथे वाफ जवळजवळ नाही, तापमान इतकं कमी की अंगातली वाट बंद. उरतं ते सरपटणं. त्याला लागणारी ऊर्जा आली ०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, स्फटिकाच्या अंगातून जायला ०.६ च्या वर लागते. फॅरेडेंच्या व्याख्यानानंतर एकशे एकोणसाठ वर्षांनी पृष्ठभागाची वाट इतर दोन वाटांपासून वेगळी काढून पाहता आली.

आता वहीकडे येऊ. डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी पन्नासच्या दशकात ओळखलं, की पावसा-हिमातल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण तापमानाप्रमाणे बदलतं. उन्हाळ्याचं हिम वेगळं, हिवाळ्याचं वेगळं. म्हणजे ग्रीनलँडच्या बर्फात वर्षावर्षाची नोंद आहे. १९६६ मध्ये कॅम्प सेंच्युरीला बर्फाच्या तळापर्यंत भोक पाडलं गेलं, आणि त्या नळकांड्यातून लाखभर वर्षांची तापमानं वाचली गेली. पण रेणू फिरत असतील तर नोंद पुसट होणार. ही पुसट होण्याची क्रिया म्हणजे आपल्याच तीन वाटा.

वरच्या काही दशक मीटरांत हिम सच्छिद्र असतं. तिथे रेणू हवेतून फिरतात, फ्रीजरमधल्या खड्यांसारखे, आणि शेजारच्या ऋतूंचे थर एकमेकांत मिसळतात. जिथे वर्षाला फार थोडं हिम पडतं तिथे उन्हाळा-हिवाळा पारच पुसला जातो. खाली छिद्रं बंद झाली की उरते फक्त अंगातली वाट, आणि रॅमसायर यांच्या आकड्याने ती नगण्य असायला हवी. पण मध्य ग्रीनलँडमध्ये १९९२ मध्ये पूर्ण झालेल्या, तीन किलोमीटरहून खोल ग्रिप छिद्राच्या बर्फात सिगफुस जॉन्सन यांना नोंद अपेक्षेपेक्षा जास्त पुसट दिसली. एकसंध स्फटिकाचा आकडा पुरत नव्हता. ब्रिस्टलचे जॉन नाय यांनी १९९८ मध्ये सुचवलं, की बर्फाचे दाणे जिथे तीन-तीन मिळतात तिथे केसाहून बारीक पाण्याच्या शिरा असतात आणि रेणू तिथून लांब जातात. पुढे रेम्पेल आणि वेटलॉफर यांनी हा हिशोब आणखी नीट बांधला. पुन्हा तोच धडा गिरवला गेला: अंगातून जात असेल असं वाटलं, आणि संशय गेला फटींवर.

या पुसटपणाचा उपयोगही लोकांनी करून घेतला. जड ऑक्सिजन आणि जड हायड्रोजन हिमाच्या छिद्रांतून किंचित वेगवेगळ्या प्रमाणात पसरतात, आणि तो फरक तापमानावर अवलंबून असतो. तेव्हा नोंद किती पुसली गेली हे मोजून त्या काळी तिथे किती थंडी होती ते काढता येतं.

आणि जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय गटाने अंटार्क्टिकावर लिटल डोम सी इथे २,८०० मीटर खोल बर्फ बाहेर काढला. त्यात बारा लाख वर्षांहून जुना बर्फ आहे, आणि काही ठिकाणी एका मीटरमध्ये तेरा हजार वर्षं दाबून बसली आहेत. खाली जमिनीच्या उष्णतेमुळे बर्फ वरच्यापेक्षा उबदार असतो. समजा तो उणे दहा धरला, तर आपल्या मघाच्या आकड्याने दहा लाख वर्षांत रेणू तीसेक सेंटिमीटर सरकतो, म्हणजे नोंदीतली सुमारे चार हजार वर्षं एकमेकांत मिसळतात. बर्फाचं पातळ होत जाणं मी यात धरलेलं नाही, तेव्हा हा अंदाज ढोबळच आहे. आणि तोही फक्त अंगातली वाट धरून केलेला. शिरा असतील तर हिशोब आणखी बिघडतो. ते नळकांडं २०२५ मध्ये युरोपातल्या प्रयोगशाळांमध्ये कापायला घेतलं गेलं.

बरं, आता प्रश्न घेऊ या.